अकरा ओव्यांची वाट

कागदावर सहा रकाने होते. पाच भरून झाले होते. सहाव्यापाशी ज्योतीरामचा हात असा अडला, जसा नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाशी अडावा. कुठून – चिंचवड स्टेशन. कुठपर्यंत – मोरया गोसावींचा घाट. वाटेत काय पाहाल – जुनी मोटेची विहीर, चिंचांची रांग, मंगलमूर्तींचा वाडा, पवनेकाठची समाधी. सावली – विहिरीच्या पुढे भरपूर. अंतर – अदमासे सव्वा मैल. आणि मग वेळ. त्या दोन अक्षरांच्या खालची जागा कोरी होती, आणि ज्योतीराम तिच्याकडे बघत टाइम-ऑफिसच्या खिडकीत बसला होता. या खिडकीतून त्यानं तीन वर्षं माणसांचा मिनिटामिनिटाचा उशीर टिपला होता. भोंगा झाल्यावर तीन मिनिटांनी आला त्याच्या नावापुढे लाल खूण, हे त्याचं काम. कामगार म्हणायचे, देवाच्या दारी एक वेळ माफी मिळंल, पण टाइमकीपरच्या खिडकीत नाही. वेल्फेअरचे साहेब सकाळी येऊन म्हणाले होते की कारखान्यात चहूकडची माणसं आलीत, रविवारी खोल्यांतून नुसती पत्ते कुटत बसतात. त्यांच्यासाठी चार सोप्या वाटा छापून काढायच्या आहेत, दमछाक न होणाऱ्या, झाडाझुडपांतल्या, जुनं काही पाहता येईल अशा. घाटाची वाट तुम्ही लिहा, तुम्ही रोज चालता. आणि जाता जाता हसून म्हणाले होते, वेळेचं तर तुमच्याइतकं चोख कोण सांगणार?

रोज चालतो हे खरं होतं. स्टेशनजवळच्या चाळीतले लोक म्हणायचे, ज्योतीराम निघाला म्हणजे पावणेसहा झाले. पण लोकांना जे ठाऊक नव्हतं ते असं, की त्या वाटेवर घड्याळ त्याच्या खिशात असूनही त्यानं कधी काढलं नव्हतं. ते घड्याळ कारखान्याचं, असं गोजाबाई म्हणायची. गोजाबाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन आता चौदा महिने होत आले होते. पहिल्याच दिवशी दाराबाहेर पडताना त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तेव्हा ती मागून म्हणाली होती, "त्याला आत ऱ्हाऊ द्या. वाट मी मोजते."

आणि तिनं मोजली ती ओव्यांनी. पाटणच्या डोंगरातली लेक ती. तिच्या आईनं जात्यावर बसून पहाट मोजलेली, तिनं इथं दहा बाय दहाच्या खोलीत बसून काय मोजावं? दळण गिरणीतून यायचं, पाणी नळाला यायचं, मूलबाळ नव्हतं. दोन भिंतींच्या मधे तिच्या ओव्या पाळण्याविनाच्या अंगाईसारख्या पडून होत्या. मग काळजाच्या झडपेचं दुखणं निघालं. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. सपाटीवरून रोज संध्याकाळी सावकाश चालायचं, अंगात ताकद राहील. पण ज्या दिवशी चालताना धाप लागेल त्या दिवसापासून चालणं बंद, अंथरुणाला पाठ लावून पडायचं, आणि लगेच मला दाखवायला आणायचं. परत येताना गाडीत गोजाबाई खिडकीशी बसली होती. खडकी गेली, दापोडी गेली, आणि ती दुसरी गोष्ट ऐकलीच नसल्यासारखी म्हणाली, चालायला सांगितलं की हो त्यांनी.

वाट ज्योतीरामनंच शोधली. तीन संध्याकाळी एकटा हिंडून त्यानं चढ टाळले, काटे टाळले, कुत्र्यांची वस्ती टाळली. खोलीपासून विहिरीपर्यंत सात ओव्या. विहिरीपासून पहिल्या चिंचेपर्यंत अकरा. चिंचेपासून घाटापर्यंत एकवीस, पण तिथं वाड्यापाशी माणसं असत म्हणून ती मनातल्या मनात. विहीर ते चिंच हाच खरा तिचा मुलूख होता. दोन्ही बाजूंनी ज्वारी, मधे एका माणसाची पायवाट. तो पुढे, ती दहा पावलं मागे. चालणं असंच असतं हे दोघांनी आपापल्या आईबापांकडून घेतलेलं. पुरुषानं पुढं होऊन वाटेवरचं जनावर, काटाकुटा बघायचा, बाईनं मागून यायचं. आणि मागे वळून बघायचं नाही. लग्नानंतर तिला पाटणच्या खिंडीतून घरी आणताना तो एकदा वळला होता, हळदीच्या पिवळ्या अंगानं ती कशी चालते ते बघायला, तेव्हा वऱ्हाडातली एक आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "म्होरं बघ रं बाबा, पळून न्हाई जायची ती." सगळी खिंड हसली होती. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या त्या अजूनही कधी कधी तापायच्या. त्यानंतर तो कधी वळला नाही. वळायची गरजही नव्हती, कारण तिचा आवाज मागून येत असे, आणि आवाज येतो आहे म्हणजे बाई येते आहे.

पुढं चालतो कंथ माझा, पाठ त्याची माझं जातं;
पायानं मी दळीते बाई, वाटंचं पीठ होतं.

हे ती नवीनच बांधायची, जुन्यातलं नव्हे. आपली पाठ कुणी जात्यासारखी समोर ठेवली आहे याची त्याला लाज वाटायची आणि पाठ आपोआप ताठ व्हायची. चिंचेखाली पोचल्यावर ती मागून म्हणायची, अकरा झाल्या. बस. मिनिटं त्याची, ओव्या तिच्या. एकानं दुसऱ्याच्या हिशेबात हात घालायचा नाही असा काही तरी न बोललेला करार होता. दिवाळीत अकरा होत्या, माघात गणपतीची यात्रा भरली तेव्हा अकरा होत्या, ज्वारी कापून रान उघडं पडलं तेव्हा अकरा, आणि पुन्हा नवी ज्वारी कमरेला आली तेव्हाही अकराच. अकरा आहेत तोवर सगळं ठीक आहे, असं त्याच्या मनानं कधी ठरवून टाकलं ते त्यालाही कळलं नाही.

पण एक गाडी होती. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी, सहा वाजून पाच मिनिटांची. पहिल्या हिवाळ्यात ती जायची तेव्हा दोघं चिंचेच्याही पुढे, वाड्याच्या भिंतीशी असत. मग ती चिंचेखाली ऐकू येऊ लागली. मग विहिरीच्या वळणावर. शेवटच्या महिन्यात ती धडधडत गेली तेव्हा विहीरसुद्धा अजून ओलांडायची होती. त्या दिवशी ज्योतीराम थांबला होता. त्याला आता कोऱ्या रकान्यासमोर बसून तो क्षण अंगावरच्या शर्टासारखा जाणवत होता. खिशातल्या घड्याळाचं ओझं. हात खिशापर्यंत गेला होता, बोटांना साखळी लागली होती, आणि घड्याळ न काढताच हात परत आला होता. आणि तो, ज्यानं कुणाला तीन मिनिटं सोडली नव्हती, पुढे बघत म्हणाला होता, "गाडी आज लवकर आली." आणि मागून, क्षणभर थांबून, तिचा आवाज, "व्हय. लवकरच आली." दुसऱ्या दिवशीही लवकर आली. तिसऱ्या दिवशीही. वीस-बावीस दिवस रोज गाडी लवकर आली, आणि रोज त्यानं तसं म्हटलं, आणि रोज तिनं होकार दिला. मग एका सकाळी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवता ठेवता ती भिंतीला टेकली आणि हळूच खाली बसली, जसं कुणी पाव्हणीनं म्हणावं, जरा टेकते हं, आणि टेकली ती टेकलीच.

संध्याकाळी कागद खिशात घालून तो खोलीवर आला तेव्हा शेजारचा हिंदुराव दारातच उभा होता. हिंदुराव पॅकिंगमध्ये होता, कराडकडचा, मोठ्या आवाजाचा, आणि ज्योतीरामला अण्णा म्हणणारा. त्याची बायको विमल आठ महिने छातीच्या दवाखान्यात राहून गेल्या आठवड्यात परत आली होती. खाटेवर बसून लसूण सोलत होती, मनगटं काकडीच्या देठासारखी. साहेबांच्या त्या वाटांची बातमी हिंदुरावला कळली होती. विमलला डॉक्टरनं चालायला सांगितलंय, घाटाची वाट धरायची म्हणतोय, असं तो सांगत राहिला. तिला घरात कोंडल्यागत होतंय, दिवसभर दारातनं गाड्या मोजत बसते. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "अण्णा, ती वाट सोपी हाय न्हवं? तिला झेपंल न्हवं?" ज्योतीराम उद्या सांगतो म्हणाला. खाटेवरच्या विमलनं मान वर केली नाही, पण लसणाची पाकळी तिच्या नखात तशीच अडकून राहिली, आणि त्याला वाटलं, हे थांबणं आपल्या ओळखीचं आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. पावणेसहाला तो निघाला आणि दाराबाहेर पडताच त्यानं घड्याळ काढून मुठीत धरलं. थंड होतं. वाट तीच, पण हातात घड्याळ असल्यावर ती परक्याच्या घरासारखी झाली. गोजाबाई गेल्यावरही त्याची चाल बदलली नव्हती. शेवटच्या महिन्यात जशी होती तशीच, अडखळती, कुणाची तरी वाट बघत पाऊल टाकणारी, पायांना पाठ झालेली. विहिरीशी आला. मोट कधीच बंद पडली होती, इंजिन आलं होतं. मोटेचं पाणी जिथं पडायचं ते दगडी थारोळं कोरडं होतं, वडाच्या पारंब्यांनी निम्मं झाकलेलं. तिथून त्यानं घड्याळ बघितलं, आणि मग का कोण जाणे, ओठांतल्या ओठांत तिची ओवी म्हणायला लागला. पुरुषाच्या गळ्यात ओवी म्हणजे पगडीत गजरा, पण रानात ऐकायला कोण होतं? तिच्या लयीत, ओळ दोनदा घोळवून, बोटांच्या पेरांवर मोजत. पुढं चालतो कंथ माझा. एक. पाठ त्याची माझं जातं. चार झाल्या, सात झाल्या. अकरावी संपली तेव्हा तो वळणावर होता. इथं तो रोज थांबायचा, कारण इथून झाडांतून देवळाचं शिखर दिसे. चिंच अजून तितकीच लांब, वाटेच्या टोकाशी हिरव्या ढिगासारखी उभी होती.

त्यानं बोटं पुन्हा मोजली. मग विहिरीशी परत जाऊन पुन्हा चालला. पुन्हा वळणावरच अकरा. या चालीनं अकरा ओव्यांत चिंच येत नव्हती. येणं शक्यच नव्हतं. मग शेवटच्या महिन्यात चिंचेखाली उभी राहून ती अकरा झाल्या म्हणायची, त्या कुठल्या अकरा? तो परत फिरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या थारोळ्याच्या कडेवर बसला. दगड गुळगुळीत होता आणि बसायच्या उंचीचा. पारंब्यांच्या आड. वळणावर उभ्या माणसानं मागे वळून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा.

"मोजताय व्हय?" कुणीतरी म्हणालं. विहिरीपलीकडच्या पेरूच्या बागेतली छबूबाई होती ती, या रानाची मालकीण, डोक्यावर पाटी, तोंडात मिश्रीचा काळा रस. दोन वर्षांहून जास्त तिच्या बांधावरून तो गेला होता आणि रामराम पलीकडे शब्द झाला नव्हता. तिनं पाटी खाली ठेवली आणि शेजारी, जरा अंतर राखून, ती टेकली. मग म्हणाली, "हितंच बसायच्या त्या."

ज्योतीरामनं विचारलं नाही कोण. छबूबाई सांगत गेली, पेरूच्या पाटीकडे बघत, जसं कुणी दुसऱ्याच्या घरातलं सांगावं. आधी आधी नुसत्या दम घ्यायला झाडाला हात लावायच्या. मग बसायला लागल्या. तुमी तिकडं वळणावर हुबं, देवळाकडं त्वांड करून. ह्या हितं बसून गायच्या. मी म्हनायची, बाई, बसून कशापायी गाती, गप ऱ्हा, दम घे. तर हातानं खुणावायच्या, गप. पहिली ओवी बारीक आवाजात, दुसरी जरा मोठ्यानं, तिसरी आनखी मोठ्यानं, कुणी चालत जवळ येतंय असं वाटावं. मग उठून झरझर तुमच्या मागं दहा पावलावर जाऊन हुब्या. अकरा कुठल्या बाबा. मी मोजल्यात, वीस-बावीस व्हायच्या, त्यातल्या निम्म्या ह्या धोंड्यावर.

"मला का सांगितलं नाहीस कधी?" असं त्यानं विचारलं, आणि विचारताना आपला आवाज त्याला अनोळखी वाटला.

"शपथ घातली हुती. म्हनल्या, त्यांना कळलं तर माजी वाट बंद हुईल." छबूबाईनं पदरानं एक पेरू पुसला, त्याच्या हातात ठेवला, पाटी उचलली. चार पावलं जाऊन थांबली. "आता त्या न्हाईत, अन् तुमी बसलाय. म्हनून सांगितलं."

ती गेल्यावर तो बसून राहिला. थारोळ्यातनं वळण दिसत होतं, आणि वळणावरची ती जागा, जिथं तो उभा राहायचा. तिथं आता कुणी नव्हतं. पण बघता बघता त्याला तिथं एक पाठ दिसायला लागली. कारखान्याचा खाकी शर्ट, ताठ मान, मागे न वळणारी. कितीतरी दिवस तिनं इथं बसून हेच बघितलं. पाठ. त्याला राग आला, कुणाचा ते कळेना. तिनं फसवलं? मग ती जाणारी गाडी त्याच्या छातीतून धडधडत गेली, रोजची, लवकर आलेली. कुणी कुणाला फसवलं? तिनं अकरा म्हणावं आणि त्यानं गाडी लवकर आली म्हणावं, दोघांनी दोन बाजूंनी ती वाट अशी उचलून धरलेली, जशी दोन माणसं तुटक्या दांड्याची डोली उचलतात, आणि आत बसलेल्याला कळू देत नाहीत. फक्त आत बसलेलं माणूस डोली धरणाऱ्यांतलंच एक होतं. त्यानं एकदा, नुसतं एकदा वळून बघितलं असतं, तर? वाट बंद झाली असती. ती खाटेवर पडली असती, दारातनं गाड्या मोजत. कदाचित आज असती. कदाचित खाटेवरच गेली असती, पहिल्या थंडीत. या कदाचितांना टोक नव्हतं. पण मधलंही काहीतरी होतं, जे दोघांपैकी कुणाला सुचलं नाही. वाट बंद नाही, आणि घाटापर्यंतही नाही. इथवर. या धोंड्यापर्यंत. दोघांनी इथं बसायचं, पेरू खायचा, परत जायचं. इतकं साधं होतं ते, आणि त्यासाठी त्यानं फक्त दहा पावलं मागे यायला हवं होतं. मुठीतला पेरू त्याला खाववेना. घड्याळ किती वाजले सांगत होतं, ते त्यानं बघितलं नाही.

अंधार पडायच्या आत तो चाळीत आला आणि सरळ हिंदुरावच्या दाराशी गेला. हिंदुराव अंगणात दात कोरत बसला होता, विमल चुलीपाशी. वाटेबद्दल सांगायचं म्हणून तो उभा राहिला, आणि काय सांगायचं ते पूर्ण ठरलेलं नव्हतं. वाट सपाट आहे, सावली आहे, असं काहीबाही म्हणाला. मग म्हणाला, "हिंदुराव, तू पुढं चालू नको. तिच्या मागनं चाल."

हिंदुराव हसला. बायकोच्या मागं? कराडचं कुणी बघितलं तर म्हणंल, हिंदुरावला दावं लावून फिरवाय काढलाय, असं म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली. ज्योतीराम हसला नाही. हिंदुरावची थाप हवेतच मऊ झाली.

"मागनं चाल. बसली, तर तूपण बस. का बसलीस म्हणून विचारू नको."

चुलीपाशी विमलचा हात थांबला. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या मागे काहीतरी मागणं. ती हळूच म्हणाली, "आणि डाक्टर? बसले, तर सांगायचं त्यांना?"

"सांगायचं," ज्योतीराम म्हणाला. मग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी मावळताना दिसलं, तसा घाईनं पुढे म्हणाला, "पण वाट बंद करायची नाही. जवळची करायची. आज विहिरीपर्यंत. नाही झेपलं, तर उद्या चाळीच्या टोकापर्यंत. दारापर्यंत. दारापर्यंत चालणं म्हणजेसुद्धा चालणंच की." एवढं बोलून त्याला धाप लागल्यासारखं झालं. हिंदुराव दात कोरायची काडी हातात तशीच धरून एकदा त्याच्याकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. विमलनं त्याला चहा दिला. तो प्याला.

सोमवारी त्यानं सहाव्या रकान्यात लिहिलं, बरोबरच्या माणसाप्रमाणे. साहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. महिन्याभरानं पिवळ्या कागदावर छापून आलेल्या सोप्या वाटा कॅन्टीनमध्ये वाटल्या गेल्या, तेव्हा घाटाच्या वाटेपुढे पस्तीस मिनिटे असं छापलेलं होतं. कुणी भरलं ते ज्योतीरामनं विचारलं नाही. घडी घालून कागद घड्याळाच्या खिशात ठेवला.

माघाच्या सुरुवातीच्या एका संध्याकाळी तो थारोळ्यावर बसला होता. आता तो इथवरच यायचा. ज्वारीला कणसं भरली होती, पाखरं उठत होती, छबूबाई गोफण फिरवत रानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. वाटेनं विमल आली. पुढे ती, मागे दहा पावलांवर हिंदुराव, काखेत छत्री, इकडंतिकडं बघत, कुणी ओळखीचं दिसत नाही ना याची खात्री करत. वडापाशी आल्यावर विमल थांबली, पारंबीला हात लावला आणि थारोळ्याच्या कडेवर बसली. हिंदुराव दोन क्षण उभाच राहिला. मग तोही बसला, बायकोच्या आणि ज्योतीरामच्या मधे, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखा. विमलचा श्वास ऐकू येत होता, वर-खाली, वर-खाली, मग थोडा खाली, मग आणखी खाली. ज्योतीराम तो श्वास ऐकत होता. गोजाबाईला जाऊन चौदाचे आता सोळा महिने झाले होते, आणि इतक्या जवळून त्यानं दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकला नव्हता. तिचासुद्धा नाही. कधीच नाही.

तेवढ्यात रुळांकडून धडधड आली. गाडी गेली, डब्यांतले दिवे एकामागोमाग ज्वारीच्या कणसांवरून घसरत गेले.

"गाडी लवकर आली काय आज?" हिंदुराव सहज म्हणाला.

ज्योतीरामनं खिशात हात घातला. पिवळा कागद बाजूला सारला, साखळी धरली, घड्याळ बाहेर काढलं. मावळतीच्या उजेडात काच तिरकी करून त्यानं बराच वेळ काटे बघितले.

"नाही," तो म्हणाला. "वेळेवर आहे. रोज वेळेवरच यायची."